मल्लिनाथच्या मोटारीचा विमा

उमरग्याचा मल्लिनाथ हट्टी म्हणावा की खुळा, यावर गावाचं कधी एकमत झालं नाही. वय एकवीस, मिसरूड नुकतंच जाड होऊ लागलेलं, आणि जिभेला लगाम म्हणून नाही. बाप लहानपणीच गेला. आई गौराबाईनं लोकांची दळणं दळून त्याला वाढवलं. पुढं एका जागीरदाराच्या मोटारीवर तो क्लिनर म्हणून लागला, चार वर्षं तिच्या पोटाखाली लोळला आणि निजाम सरकारचं ड्रायव्हरचं लायसन काढूनच उठला.

सन १९४६ मध्ये जागीरदारानं ती मोटार विकायला काढली आणि मल्लिनाथच्या मामांनी, मुरुमच्या कल्याणप्पा आडत्यांनी, ती घेतली. उमरगा ते सोलापूर उतारू न्यायचे, मोटार मल्लिनाथनं चालवायची आणि कमाई निम्मी निम्मी, असं ठरलं. मल्लिनाथनं मोटारीला हार घातला, नारळ फोडला आणि मोटार जागेवरच उभी राहिली.

कारण सोलापूर पडलं इंग्रजी हद्दीत. तिकडं त्याच वर्षी नवा कायदा लागू झाला होता, विम्याचा कागद नसेल तर मोटार रस्त्यावर आणायची नाही. मल्लिनाथ सोलापूरला जाऊन तीन विमा कंपन्यांच्या पायऱ्या चढून आला. तिन्हीकडं एकच प्रश्न, वय किती? आणि एकवीस म्हटलं की कारकुनाची मान हलायची. पोक्त ड्रायव्हरला इंग्रजी नाण्यातले नव्वद कलदार रुपये, नव्या पोराला एकशे ऐंशी. "म्या अजून एक कोंबडी मारली न्हाय," मल्लिनाथ म्हणाला. कारकून म्हणाला, "मारशील की."

एकशे ऐंशी भरून हा धंदा परवडणार नाही, हे मामांनी बोटांवर हिशोब करून सांगितलं. सोमवारपर्यंत स्वस्त कागद झाला नाही तर मोटार मुरुमच्या एका व्यापाऱ्याला देऊन मोकळं व्हायचं, हेही सांगितलं. पण मामा आडते होते, वाट काढल्याशिवाय त्यांना झोप आली नसती. त्यांनी लालमहंमद चाचांना गाठलं.

लालमहंमद म्हणजे सत्तावीस वर्षं मोटार चालवलेला ड्रायव्हर, एकही अपघात नाही. मल्लिनाथ शिकला तो त्यांच्याच हाताखाली. फक्त दोन वर्षांपासून चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. समोरचा माणूस त्यांना आवाजावरून ओळखू यायचा. हे अख्ख्या उमरग्याला ठाऊक होतं, पण लायसनवर लिहिलेलं नव्हतं. मामांचा बेत असा, की कागदावर ड्रायव्हर चाचा, चाकावर मल्लिनाथ, आणि नावाचे म्हणून चाचांना महिना दहा रुपये. घरी बसून असलेल्या माणसाला दहा रुपये काही थोडे नव्हते.

"कागदावर माझं नाव पायजे, मामा. न्हायतर राहू द्या मोटार," मल्लिनाथ म्हणाला.

"राहू देतो. सोमवारी मुरुमला राहील," मामा म्हणाले.

मोटार गेली तर पुन्हा कुणाच्या तरी दारात क्लिनर. रागानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो हो म्हणाला.

विम्याचे एजंट आण्णासाहेब सोमवारी सकाळी उमरग्यात उतरले. ते पुण्याहून सोलापुरात येऊन दोनच महिने झाले होते. मोटार पाहिल्याशिवाय आणि ड्रायव्हरसोबत चार मैल गेल्याशिवाय ते सही करत नसत. पण मामांनी त्याचीही सोय करून ठेवली होती. आण्णासाहेबांना कानडी येत नव्हतं.

चाचा चाकावर बसले. शेजारी क्लिनर म्हणून मल्लिनाथ, मागच्या बाकावर आण्णासाहेब आणि मामा. मोटार मुरुमच्या फाट्याच्या दिशेनं निघाली आणि मल्लिनाथ डोळे अर्धे मिटून गुणगुणू लागला. "एडक्क... एडक्क..." म्हणजे डावीकडं. "बलक्क..." म्हणजे उजवीकडं. मध्येच बैलगाडी आली की सूर वर जायचा.

"हा काय पुटपुटतोय?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"शिवाचं नाव घेतोय, साहेब. पोरगं लई भाविक हाय," मामा म्हणाले.

चाचांचे हात मात्र खरोखर पाहण्यासारखे होते. शब्द कानावर पडायचा अवकाश, चाक तेवढंच वळायचं, ना जास्त ना कमी. म्हशींचा कळप चुकवला, ओढ्याच्या उतारावर गिअर असा बदलला की मागच्यांना कळलंही नाही. फाट्यावर चहा घेताना आण्णासाहेब खूष होते. फॉर्म त्यांनी तिथंच मांडीवर उघडला आणि नव्वदचा आकडा लिहिला.

"बघून घे यांची नजर," ते मल्लिनाथला म्हणाले. "याला वीस वर्षं लागतात. तुझ्यासारख्याच्या हातात मोटार दिली असती ना, तर आत्ता आपण त्या ओढ्यात असतो."

चाचांनी बशी खाली ठेवली. त्यांचा चेहरा इतका पडला, की मल्लिनाथच्या अंगाची लाही लाही झाली. हा कागद खोटा. उद्या खरंच कुणाला धक्का लागला, तर कंपनी हाच कागद तोंडावर फेकणार. आणि इथवर मोटार ज्यानं आणली, त्यालाच वर शिकवण. आता काय व्हायचं ते होऊ दे, असं त्यानं मनाशी ठरवलं.

परतताना रस्ता सरळ आणि रिकामा होता. मल्लिनाथनं एक हात हातब्रेकवर ठेवला आणि तोंड घट्ट मिटलं. चाचा वीस-पंचवीस हात गेले. कान टवकारून त्यांनी वाट पाहिली, मग मोटार हळूच कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"का थांबलात?" मागून आण्णासाहेब.

"पोरगं बोलायचं थांबलं, साहेब," चाचा म्हणाले. "मला तर रस्ता दिसत न्हाई. तुमचं तोंडबी न्हाई दिसत."

आण्णासाहेब मोटारीतून असे खाली उतरले की टोपी आतच राहिली. "मला आंधळ्याच्या मागं बसवलंत?" मामा हात जोडायला लागले. चाचांनी त्यांना बाजूला सारलं.

"आंधळ्यानं न्हाई आणलं तुम्हाला. ह्यानं आणलं. हातपाय तेवढे माझे. फाट्यावर तुम्ही जी शाबासकी दिली ना, ती ह्याची हाय. देऊन टाका त्याला."

महिन्याचे दहा रुपये त्या एका वाक्यात गेले, आणि ते म्हाताऱ्याला पक्कं ठाऊक होतं. मल्लिनाथला त्या क्षणी चाचांचे पाय धरावेसे वाटले. पण समोर आण्णासाहेब होते, तेव्हा त्यानं आधी भांडण उरकायचं ठरवलं.

"साहेब, तुमच्या त्या फॉर्मात काय काय लिवलंय, सगळं वाचा. एक ओळ सोडायची न्हाय."

"दर मुंबईहून ठरतो. मी काही करू शकत नाही."

"मग वाचाच."

आत राहिलेली टोपी काढून हातात घेत, भर उन्हात, आण्णासाहेबांनी इंग्रजी फॉर्म मराठीत वाचून दाखवला. शेवटून तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज बारीक झाला. कुणाचं नुकसान झालं तर पहिले पंचाहत्तर रुपये मोटारवाल्यानं स्वतः भरावे, असं कबूल केलं तर वय कितीही असो, दर एकशे दहा.

"हे सोलापुरात कुणी का न्हाय सांगितलं?"

"कुणी घेतच नाही. लोकांना वाटतं, सगळं कंपनीनं भरावं."

"म्या घेतो. लिवा."

"आन् ते पंचाहत्तर कोण भरणार?" मामा ओरडले.

"म्या भरीन. माझ्या हातनं मोडलं तर पैलं माझंच जाऊ द्या. पण मोडणारच न्हाय, मामा. एकशे दहा परवडतंय का न्हाय, तेवढं सांगा."

मामांनी पुन्हा बोटं मोजली. या खेपेला बोटं जरा लवकर संपली. ते नुसतं हुंकारले.

आण्णासाहेबांनी नव्वद खोडलं, चाचांचं नाव खोडलं. "वय?"

"पंचवीस," मामा घाईनं म्हणाले.

"एकवीस," मल्लिनाथ म्हणाला. "आकड्यात लिवा आन् अक्षरातबी लिवा."

सह्या झाल्या. चाचा चाचपडत उतरले आणि मागचं दार शोधू लागले. मल्लिनाथनं त्यांचा दंड धरून पुढंच आणलं आणि आपल्या शेजारी बसवलं.

"आता माझं हितं काय काम, बेटा?"

"बसा तुमी."

मल्लिनाथनं हँडल मारलं, मोटार सुरू केली. मामा आणि आण्णासाहेब मागच्या बाकावर बसले. शंभर हात गेल्यावर चाचांनी मान किंचित इंजिनाकडं झुकवली.

"दुसरा गिअर उशिरा टाकलास," ते म्हणाले.

"व्हय चाचा," मल्लिनाथ म्हणाला. अख्ख्या दिवसात एवढंच एक त्यानं रागाविना ऐकून घेतलं.