मातामायला वाहिलेले चांदीचे डोळे

घरात धूर झालाय, असं माझी मुलगी शीतल पाच दिवस सांगत होती आणि पाच दिवस मी तिला खिडकी उघड म्हणत होतो. अनुभव सांगायचा तर मला सुरुवात इथूनच करावी लागते. इतरांचे अनुभव ऐकतो तेव्हा फार हेवा वाटतो. संकट आलं, त्यांनी हात जोडले, देव धावून आला. माझ्याकडे देव धावला तेव्हा मीच रस्त्यात आडवा बसलो होतो. त्याला मला वळसा घालून जावं लागलं.

तेव्हा मी सिंदेवाहीपासून आठ-दहा किलोमीटरवर, जंगलातल्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. नव्वद सालानंतरची गोष्ट, गावात फोन यायचा होता. घरात आम्ही तिघं. शीतल आठ वर्षांची, तिसरीत, म्हणजे माझ्याच वर्गात. महिना फाल्गुनाचा. या दिवसांत आमच्याकडे मोहाच्या झाडाखालचा पाला पेटवून जमीन साफ करतात, म्हणजे पडलेली फुलं वेचायला सोपी जातात. सकाळी दार उघडलं की सगळा मुलूख धुरकट. त्यात आमची चूल. शीतल म्हणायची, "माय, घरात लई धूर झाला न." तिची आई फुंकणी बाजूला ठेवून माझ्यावर घसरायची, "अवो, ओली लाकडं आणता तुम्ही, अन् पोरीचे डोळे फोडता." लाकडं ओली होती आणि ती मीच आणली होती, तेव्हा मी शीतलला खिडकी उघड म्हणायचो. धुरानं भरलेल्या गावात एक पोरगी धूर आहे म्हणते, यात नवल ते काय?

शीतलचा डावा डोळा जन्मापासून नाकाकडे वळलेला. तिरळी पोरगी घराला भाग्याची असते, असं म्हाताऱ्या बाया म्हणायच्या. मला ते पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. पोरांना डोळ्यांची निगा शिकवणारा मी मास्तर, पण त्या डोळ्यानं माझ्या पोरीला काही दिसतं का, हे आठ वर्षांत एकदाही तपासलं नाही. ती सगळं पाहते, धावते, मोहफुलं वेचते, म्हणजे दोन्ही डोळे चालतात, असा माझा हिशेब.

त्याच आठवड्यात वर्गात फळ्यावरचा धडा उतरवून घेताना तिनं चार ओळी गाळल्या. मास्तरची मुलगी म्हणून तिला सवलत नको, हा माझा बाणा. वर्गात मला बाबा म्हणायचं नाही, असा नियमही मीच घातला होता. मी फूटपट्टी मागितली. ती हात पुढे करून म्हणाली, "गुरुजी, वर्गात पन धूर हाय." सगळा वर्ग हसला. मीही म्हणालो, "मग बंब बोलावू का?" पोरं आणखी हसली. मग मी दोन पट्ट्या मारल्या. तो विनोद मला त्या वेळी फार चांगला वाटला होता. आजही कुणी माझ्या गोष्टीला हसलं की मला आधी तो वर्ग ऐकू येतो.

मग ती उंबऱ्याला अडखळू लागली. उजवा डोळा किंचित लाल दिसे. शेजारच्या बायांनी सांगितलं, मातामायला चांदीचे डोळे वाहा. आमच्या गावची मातामाय म्हणजे कडुनिंबाखाली मातीच्या ओट्यावर बसवलेला शेंदूर लावलेला दगड. डोळ्यांचं दुखणं आलं की चांदीच्या पत्र्याचे दोन डोळे तिच्यापुढे ठेवायचे, ही पिढ्यांची रीत. मी लगेच हो म्हणालो. खरं सांगतो, भक्तीनं म्हणालो नाही, आळसानं म्हणालो. परीक्षा तोंडावर होती, नागपूर लांब होतं, आणि देवी गावातच होती.

शनिवारी सकाळची शाळा करून मी शीतलला सायकलवर पुढे बसवलं आणि सिंदेवाहीच्या बाजारात चांदीकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्या मुसलमान कारागिराच्या दुकानात गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणत. मी त्यांना याआधी एकदाही पाहिलं नव्हतं; अमक्या गावचा मास्तर, एवढं सांगून डोळे मागितले. सत्तरीचे असतील. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी लाल कागदातून डोळ्यांची जोडी काढली, फडक्यानं पुसली आणि हौसेनं शीतलपुढे धरली. "पाह्य बेटा, आवडले का?"

शीतल म्हणाली, "दिसून नाई राह्यले चाचा. तुमच्याकडं पन धूर हाय."

मी रागावलो. "झालं हिचं सुरू. चाचा, पोरीला एक छंदच लागलाय."

चाचांनी हात वर करून मला थांबवलं. मला वाटतं, त्या पाच दिवसांत तिचं बोलणं पूर्ण ऐकून घेणारा तो पहिला माणूस. त्यांनी कोपऱ्यातल्या भट्टीकडे पाहिलं. तिच्यावर पोतं टाकलेलं होतं. "गुरुजी, दम्यानं जीव चालला होता माहा. महिना झाला भट्टी बंद हाय. इथी मी अगरबत्ती पन नाई लावत. मंग पोरीले धूर कुठून दिसते?"

ते उठून खाली आले. त्यांनी आपल्या तळव्यानं शीतलचा उजवा डोळा झाकला आणि दुसऱ्या हाताची बोटं तिच्यापुढे धरली. "किती हायत?" शीतल गप्प. मग डावा झाकला. ती मान इकडेतिकडे करत राहिली, मग हात पुढे करून बोटं चाचपू लागली. ती चाचपणारी बोटं मी पाहिली. मी तिथल्या पाटावर बसलो तो जवळजवळ त्यांच्या हातोडीवरच.

"मास्तर लोकांले सारं समजते," चाचा म्हणाले, "फक्त ऐकू येत नाई." मग आवाज उतरवून म्हणाले, "हे डोळे राहू द्या माह्यापाशी. आधी पोरीचे पाहा. मातामाय थांबन. हा धूर नाई थांबाचा."

त्यांनी दुकानाला फळ्या लावल्या. गावाकडे जाणाऱ्या एका दूधवाल्याला माझी सायकल देऊन शीतलच्या आईला निरोप धाडला. त्यांची मुलगी नागपुरात डोळ्यांच्या दवाखान्याजवळ दिलेली होती. तिला चिठ्ठी लिहायची, तर चाचांना मराठी लिहिता येत नव्हतं. म्हणून मजकूर त्यांचा आणि अक्षर माझं. "हे आपले लोक आहेत. यांना घरी ठेवून घे." हे मी माझ्याच हातानं माझ्याबद्दल लिहिलं, त्या माणसाच्या वतीनं, ज्याला मी तासाभरापूर्वी नमस्कारसुद्धा नीट केला नव्हता. शीतलची आई धापा टाकत पोचली तेव्हा नागपूरची गाडी हलत होती. चाचा दमेकरी माणूस, छातीवर हात ठेवून गाडीच्या पुढ्यात उभे राहिले. ड्रायव्हर ओरडला, "चाचा, मराचं हाय का?" ते म्हणाले, "मले नाई, या लोकांले जाचं हाय."

नागपूरला डॉक्टरीण बाईंनी बराच वेळ शीतलच्या डोळ्यांत प्रकाश टाकून पाहिलं. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर जुना व्रण होता. तो डोळा आईच्या पोटातच गेला होता. उजव्यातही तसाच एक लहान व्रण लपून होता आणि आता त्याच्या कडेला नवी जखम पेटली होती. ती सूज म्हणजेच तो धूर. रक्त तपासल्यावर बाईंनी आजाराचं नाव सांगितलं, टॉक्सोप्लाझ्मोसिस. ते मला वहीत दोनदा लिहून घ्यावं लागलं. मग त्यांनी शीतलच्या आईला विचारलं, घरात मांजर होती का? मांस अर्धकच्चं खाता का? या पोरीच्या वेळी माती खायचे डोहाळे होते का?

शीतलची आई लाजून हसली. "हो न बाई. लई माती खाल्ली म्या. हेच आणून देत होते, मातामायच्या ओट्याची."

तिनं ते कौतुकानं सांगितलं. आमच्याकडे माती खाण्याचे डोहाळे बऱ्याच बायांना लागतात, आणि किती नवरे ते पुरवतात? मी पुरवले होते. खायचीच आहे तर देवीची खा, असं मीच म्हणालो होतो. नारळाच्या पाण्यानं ओट्याची एक बाजू सदा ओली असायची. त्या ओल्या मातीला फार छान वास यायचा. दर मंगळवारी मी ती खरवडून, खडे वेचून, कागदाच्या पुडीत घरी न्यायचो. आणि त्याच ओट्यामागे एक तपकिरी मांजर दरसाल पिलं घालायची. देवीची मांजर म्हणून कुणी तिला हाकलत नसे. मी तर देवीबरोबर तिलाही हात जोडायचो.

डॉक्टरीण बाई शांतपणे सांगत होत्या. हे जंतू मांजरीच्या विष्ठेतून मातीत उतरतात. तिथून माणसाच्या पोटात जातात. गरोदर बाईच्या पोटात पहिल्यांदा गेले तर बाळापर्यंत पोचू शकतात, आणि बाळाच्या डोळ्यात किंवा मेंदूत वर्षानुवर्षं निजून राहून एखाद्या दिवशी जागे होतात. माझा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, "गुरुजी, माती होती, की न धुतलेली भाजी, की आणखी काही, हे आता कोणीच सांगू शकणार नाही." त्यांनी दया केली. पण मला ती ओल्या मातीची पुडी हातात दिसत होती.

संध्याकाळी चाचांच्या मुलीच्या घरी, ओसरीवर, मी बायकोला म्हणालो, "मीच दिलं पोरीला हे." आणि रडू लागलो. ती गोळ्यांचं पाकीट उघडत होती. म्हणाली, "माती मले पाह्यजे होती. तुम्ही नसती आणली त म्या चुलीची खाल्ली असती. तुम्ही चांगल्या मनानं आणली, म्या चांगल्या मनानं खाल्ली. आता उठा, पोरीच्या गोळीची वेळ झाली. पानी आना." तिनं याहून जास्त कधी काही म्हटलं नाही. त्या वाक्यांवर मी इतकी वर्षं काढली आहेत.

गोळ्यांतली एक हिवतापाच्या औषधांच्या कुळातली निघाली. हिवतापाशी आमची पिढीजात ओळख, त्यामुळं उगाच धीर आला. दर आठवड्याला रक्त काढायचे. दुसऱ्या एका गोळीनं शीतलचा चेहरा पुरीसारखा फुगला. आरशात दिसत नाही ते बरं, असं मी गमतीनं म्हणालो आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकलो. दीड महिन्यानं धूर निवळला. पण नजरेच्या ऐन मधोमध एक व्रण राहिला, कायमचा. बाई म्हणाल्या, कडेची नजर वाचली, आणखी आठवडा गेला असता तर तीही सांगता आली नसती. ती समोर पाहते तिथे काही नसतं. बाजूचं तेवढं दिसतं. कुणाचा चेहरा पाहायचा तर तिला त्याच्यापासून नजर वळवावी लागते. गावी परत आल्यावर तिनं मला असंच पाहिलं, दारातून कडुनिंबाकडे तोंड करून. म्हणाली, "बाबा, तुमची दाढी वाढली."

वर्षभर मी मातामायच्या वाटेनं गेलो नाही. शाळेत जायला ओढ्याकडून लांबचा फेरा घेई. माझा राग देवीवर होता की स्वतःवर, हे मला अजून नीट सांगता येत नाही. सिंदेवाहीला गेलो की चाचांना भेटायचो. ते दर वेळी लाल कागद उघडून डोळे दाखवायचे. काळे पडू नयेत म्हणून घासून ठेवलेले. "अमानत हाय गुरुजी. माह्या दम्याचा काई भरोसा नाई. घेऊन जा." मी म्हणायचो, पुढच्या वेळी. एकदा शीतल बरोबर होती. तिनं हात पुढे केला आणि डोळे घेऊन मुठीत धरले. बस्स. पुढच्या मंगळवारी आम्ही तिघं ओट्यावर गेलो.

मांजर तिथंच होती. तीच की तिची लेक, कोण जाणे. उन्हात पाय पसरून बसलेली. तिला मारायला दगड उचलावा म्हणून मी खाली वाकलो, हे कबूल करतो. मग तसाच सरळ झालो. तिला बिचारीला कसले जंतू आणि कसलं काय. मलाही ठाऊक नव्हतं. तेव्हा ती, नाहीतर तिची आई, फक्त पिलांना उबेत ठेवत होती आणि मी बायकोचे डोहाळे पुरवत होतो.

शीतलनं चाचपून डोळे ठेवले, मागे झाली, हात जोडले आणि मान वळवून शेताकडे तोंड केलं. पूजेला आलेली एक बाई खेकसली, "काऊन वो पोरी, मातामायपासून तोंड काऊन फिरवतं? सामने पाह्य."

शीतल म्हणाली, "मावशी, सामने पाह्यलं त काईच दिसत नाई. तिकडं पाह्यलं की मंग मातामाय दिसते मले."

आता चाचा नाहीत. शीतल कॉलेजात जाते, पुस्तक नाकाला लावून वाचते, आणि तिला हवं तेवढं जग तिला दिसत नाही, कधी दिसणारही नाही. तिचा डोळा वाचला असं मी म्हणत नाही. जे वाचलं ते वाचलं, आणि ते एका झाकलेल्या भट्टीमुळं आणि एका म्हाताऱ्यानं पोरीचं बोलणं ऐकून घेतल्यामुळं. देवी मला समोर कधीच दिसली नव्हती. मी ज्या दिशेनं पाहत नव्हतो, त्या दुकानात ती फडक्यानं चांदी पुसत बसली होती, असं मला वाटतं. कुणाला पटवायचं नाही. मी मातामायकडे आता काही मागत नाही. जे झालं त्यातलं किती माझ्या हातचं होतं हे मला कळत नाही, आणि ते न कळताही तिच्यापुढे ठेवून देता येतं, एवढं मी शिकलो. मंगळवारी आम्ही बापलेक ओट्यावर जातो. ती शेताकडे तोंड करते. मीही तिच्या शेजारी तसाच, मान वळवून उभा राहतो. परतताना ओढ्यावर दोघं हात धुतो, साबण लावून.