कुठल्या कुळाच्या चौकड्या?

ब्राउनश्वाइगला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलाने, निखिलने, मला गावाबाहेरच्या मैदानावर नेलं. गाडीतून उतरलो आणि थबकलोच. समोर पन्नासेक धिप्पाड जर्मन पुरुष चौकड्यांचे घागरे नेसून उभे! एक जण तर काखेत मशकीसारखं वाद्य दाबून जिवाच्या आकांताने फुंकत होता.

"बाबा, हा स्कॉटिश फेराइन (मंडळ). आज लेना मेंबर होणार."

लेना ही माझ्या सुनेची, आंकेची, पहिल्या लग्नाची मुलगी. वय वर्षं नऊ. मी आमच्या कुलवृत्तांताचा संपादक. अकरा पिढ्या पडताळलेला माणूस. स्कॉटलंडमध्ये एकेका घराण्याच्या चौकड्या वेगळ्या, हे वाचलेलं होतं. म्हणजे आता पोरीला चारचौघांत मूळ विचारणार आणि परत पाठवणार!

भूक लागली म्हणून ब्राटकार्टोफेल्न (परतलेले बटाटे) घेतले, तर त्यात डुकराचं मांस. बशी निखिलकडे सरकवून मी घागऱ्यातल्या अध्यक्षांना गाठलं.

"आपलं कूळ कोणतं?"

निखिलने भाषांतर केलं. अध्यक्ष खो-खो हसले. "आल्झो (तर असं आहे), माझे आजोबा पाववाले, वडील पाववाले. आमच्यात स्कॉटिश एकही नाही."

"मग हे कापड?"

"कायद्याची आडकाठी नाही. मानाने नेसायचं, बस. राजघराण्याचं तेवढं आम्ही सोडतो."

मी चाटच पडलो. आमच्याकडे चहाआधी गोत्र विचारतात!

अर्जात कुळाचा रकानाच नव्हता. 'का यावंसं वाटतं?' एवढंच. लेनाने लिहिलं, ढोल वाजवायला. अध्यक्षांनी तिचं नाव जाड वहीत चढवलं. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून जर्मनमध्ये काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?"

"म्हणते, आबांच्या पुस्तकात माझं नाव का नाही?"

'रक्ताचं नातं नाही' असा शेरा मारून, निखिलने पाठवलेल्या माहितीतून ते नाव मीच खोडलं होतं. निखिलने तिला तिच्या नावाची मराठी अक्षरं शिकवली होती. तेवढी दोन अक्षरं तिने निखिलकडच्या कुलवृत्तांतात पानभर शोधली होती. मला स्वतःची लाज वाटली.

पुण्याला परतल्यावर आमच्या कुलवृत्तांत मंडळाच्या बैठकीत विषय काढला. सचिव म्हणाले, "अहो, नियमात बसत नाही."

"मग संपादक दुसरा बघा," मी म्हणालो.

घरी येऊन माझ्या प्रतीत निखिल-आंकेखाली पेनाने 'लेना' लिहिलं आणि पानाचा फोटो पाठवला. उलट एक फोटो आला. तिच्या फेराइनचा कोरा अर्ज होता. नावाच्या जागी वाकड्यातिकड्या देवनागरीत तिने लिहिलं होतं, 'आबा'.