आरशातली उजवी सोंड

जोह्याच्या एका कारखान्यात हंगामातल्या पहिल्या गणपतीच्या डोळ्यातला पहिला ठिपका आरशात बघून देतात. बघायला येणाऱ्यांना ती पेणच्या मूर्तिकारांची पूर्वापार रीत म्हणून सांगितली जाते. ती पूर्वापार नाही. ती मी रचली. हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, घरी बायकोलासुद्धा नाही.

तेव्हा माझी पस्तिशी नुकतीच उलटली होती. रोह्याची आमची कंपनी बंद पडली होती. आज उघडेल, उद्या उघडेल म्हणत आम्ही गेटपर्यंत जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. मी राहायला निडीला. घरात बसून बसून बायकोच्या तोंडाकडे बघवेना. कुणीतरी म्हणालं, जोह्यात गणपतीच्या कारखान्यांना माणसं लागतात. सकाळची गाडी धरून गेलो. अंगात कला कसली ती नाही, म्हणून हातात पॉलिशपेपर दिला आणि साच्यातून निघालेल्या मूर्ती घासायला बसवलं.

कारखाना काकींचा. नात्याने त्या माझ्या कुणी नव्हेत, पण तिथे सगळे त्यांना काकीच म्हणत. त्यांचे यजमान आदल्या थंडीत गेले होते. पहिल्या दिवशी दुपारी त्यांनी माझा डबा उघडून बघितला.

"ह्यो काय डबा हाय? का भुकेची मस्करी?"

तेव्हापासून कंपनी उघडेपर्यंत मी त्यांच्या घरचा भात आणि वालाची आमटी जेवलो. डबा आणत जाऊ का म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "आन की. कावळ्यांना घालू." आपल्याला काम नाही, हे ज्या दिवसांत माणूस चारचौघांत बोलत नाही, त्या दिवसांत मला कुणी काही न विचारता ताट वाढलं. त्या आमटीची चव अजून माझ्या तोंडात आहे.

मला देण्यासारखं एकच होतं. वाचनाचा नाद असल्यामुळे जगातल्या गोष्टी डोक्यात भरलेल्या. हात चालू असताना कान रिकामे असतात, म्हणून मी सांगायला लागलो. चीनच्या एका बादशहाने आपल्या थडग्याशेजारी मातीची फौज पुरून ठेवली, त्यातल्या शिपायांचे चेहरे एकमेकांसारखे नाहीत. साचे भरणारा गडी म्हणाला, "आमचं एकाच साच्यातनं निघतात, तरी गिऱ्हाईक म्हनतं, नको, त्यो पल्याडचा द्या, त्यो जरा हसतोय!"

इजिप्तमधल्या एका पुतळ्याचीही गोष्ट सांगितली. भूकंपात त्याला तडे गेले आणि त्यानंतर सूर्य उगवला की पुतळ्यातून सूर निघायचा. लांबलांबून लोक ऐकायला यायचे. मग, असं सांगतात, एका रोमन बादशहाने भक्तिभावाने त्याची दुरुस्ती करून घेतली. त्यानंतर पुतळा कायमचा मुका झाला. मग रंगवाला म्हणाला, "म्हंजे काम सरकारी होतं तर."

त्या हंगामात एक अडचण आली. मूर्तीचे डोळे लिहिणं, म्हणजे आखणी, यजमान करत. त्यांच्या माघारी करण्यासारख्या एकट्या काकी. शेजारी बसून त्यांनी कितीतरी वर्षं ते काम केलेलं होतं. पण आता ब्रश घेऊन मूर्तीसमोर बसल्या की हात थरथरायचा. "त्ये बघतात माज्याकडं," एवढंच म्हणायच्या. गणपती बघतात की यजमान, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. बिनडोळ्यांच्या मूर्ती फळ्यांवर वाढत चालल्या.

एका दुपारी मी सिलोनची रीत सांगितली. तिथे बुद्धाच्या मूर्तीचे डोळे रंगवताना कारागीर तिच्या नजरेला नजर देत नाही. पाठमोरा उभा राहतो आणि आरशात बघून रंगवतो. उघडणाऱ्या डोळ्यांची पहिली नजर माणसाला झेपत नाही, असं ते मानतात.

काकी कान देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "त्यांच्यात असंल. आपल्यात नाय तसं."

"आहे की," मी म्हणालो. "पेणच्या जुन्या कारखान्यांत होतं. आमच्या आजोबांनी डोळ्यांनी बघितलंय."

माझे आजोबा गागोद्याकडचे. भात आणि वाल यांपलीकडे त्यांनी आयुष्यात दुसरं काही केलं नाही. मूर्तीच्या कारखान्याची पायरी ते कधी चढले नसतील.

दुसऱ्या दिवशी काकींनी घरातला आरसा आणून खिळ्याला लावला. मूर्ती मागे, त्या पुढे, खांद्यावरून हात मागे नेऊन त्यांनी बुबुळाचा ठिपका दिला. हात हलला नाही. मग वळून बसल्या आणि उरलेले डोळे समोरून सरसर लिहीत गेल्या. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी मूर्ती घासायला लागलो.

पण ठिपका देताना त्यांनी आरशात आणखी एक बघितलं होतं. आपल्याकडे मूर्ती डाव्या सोंडेच्या. आरशात सोंड उजवीकडे दिसली. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याला सोवळं लागतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पुढच्या हंगामापासून काकींनी आपणहून ठरवलं, की पहिल्या ठिपक्याच्या दिवशी ओलेत्याने बसायचं आणि ठिपका देईपर्यंत पाणीसुद्धा घ्यायचं नाही. रीत मी दिली, उपास आरशाने दिला.

कंपनी उघडली, मी शिफ्टला लागलो, तरी दरवर्षी त्या दिवशी जोह्याला जातो. रीत आणणारा म्हणून नारळ माझ्या हातून फोडतात. मी फोडतो. इतकी वर्षं बोललो नाही, त्याचं कारण तो मुका झालेला पुतळा. खरं सांगून रीत दुरुस्त करायला जावं आणि काकींचा हात पुन्हा थरथरायला लागावा, ही भीती. असं मी स्वतःला सांगत असे. नारळाचा मान जाईल, हीही भीती होतीच.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात, ठिपक्याच्या दिवशी, काकी उपाशीपोटी आरशासमोरच घेरी येऊन पडल्या. साठी उलटलेलं वय, त्यात साखरेचा आजार. डॉक्टर रागावले. काकी म्हणाल्या, "त्येला काय ठावं आमची रीत."

यंदा त्या दिवशी मी सकाळी लवकर गेलो. काकी केस पुसत बाहेर आल्या. नारळ खाली ठेवून मी सांगून टाकलं. आजोबा, पेणचे जुने कारखाने, सगळं खोटं.

त्या पायरीवर बसल्या.

"आनि सिलोनचं? त्ये पन तुजंच का?"

"नाही काकी, ते खरं आहे."

"आनि त्यो गानारा पुतळा?"

"तोही खरा."

"मेल्या, मंग एवडं खरं असताना त्या म्हाताऱ्याला कशाला मदी घातलास? सिलोनचं म्हनून सांगितलं असतंस, तरी मी दोन दिसांनी आरसा लावला असता. हात माजाच अडला हुता ना."

मग आत वळून सुनेला हाक मारली, "अगो, च्या टाक. बिनसाखरेचा. ह्याला साखर घाल, ह्याचं त्वांड कडू झालंय."

त्या चहा प्यायल्या. मग आरशासमोर बसल्या, खांद्यावरून हात मागे नेला आणि ठिपका दिला. हात हलला नाही. आरसा काढायचा का, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. सवय झालीय."

निघताना त्यांनी मला थांबवलं. त्यांची मुलगी हमरापूरला दिलेली. तिचा तिथे स्वतःचा कारखाना आहे. आईचं बघून तीही आरसा लावते, ओलेत्याने बसते, पाणी घेत नाही. तिला आता दिवस गेलेत.

"तिला मी सांगनार नाय," काकी म्हणाल्या. "मी सांगितलं तर म्हनंल, आईला माया सुटली म्हनून खोटं सांगतीय. तू रचलंस, तूच सांग."

तिच्याकडची पहिली आखणी अजून व्हायची आहे. काकींनी मला वाढलं, त्या रागावल्या आणि त्यांनी चहात साखर घालून दिली. तिच्या दारात उभं राहून हे सगळं पुन्हा एकदा तोंडाने सांगायचं, तेवढं माझ्याकडून बाकी आहे.