अर्ज कुणाचा?

रंगाऱ्यानं जन्मभर शिडीवर उभं राहून लोकांच्या भिंती रंगवल्या, पण कुणापुढे हात पसरला नाही. आता जरा चाललं की धाप लागायची. म्हातारपणाची सरकारी पेन्शन त्याच्या हक्काची होती, पण तो तिला भीक म्हणायचा. शेवटी लेकीनं कामावर खाडा करून त्याला कचेरीत ओढत आणलं.

रांगेत पुढेच त्याचा जुना मुकादम उभा होता.

"काय रे वाघा, तू इथं? मी आपला मेव्हण्याच्या कामाला आलोय."

"मीही हिच्यासोबत आलोय. जावई धड कमवत नाही, काय करणार!"

लेकीनं मान खाली घातली. तिचा नवरा दुहेरी पाळी करून सासऱ्याची औषधं आणत होता.

खिडकीतल्या बाईनं विचारलं, "अर्ज कुणाचा?"

लेकीनं बापाचं नाव सांगितलं नाही. बापाची अब्रू झाकत होती. रंगाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझा," तो पुटपुटला. आपलं काम उरकूनही मुकादम बाजूला कान देऊन उभा होता, म्हणून त्यानं पुन्हा मोठ्यानं सांगितलं, "माझा आहे, बाई. जावयाबद्दल मी खोटं बोललो."