शिकाऊ गाड्यांचा रस्ता

मास्तरांचा उजवा पाय कधी रजेवर जात नसे. त्यांची ड्रायव्हिंग शाळा होती आणि शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढे मास्तरांसाठी वेगळा ब्रेक बसवलेला होता. जन्मभर तो दाबून पायाला अशी सवय लागली, की घरी खुर्चीत बसल्यावरही त्याचं काम चालूच राही. खालच्या रस्त्यावरून एखादी गाडी भरधाव गेली, की मास्तर चहाचा घोट घेता घेता जमिनीवर पाय दाबत. खिडकीजवळच्या खुर्चीपुढची फरशी त्या एका जागी गुळगुळीत झाली होती.

"गाडी काही थांबत नाही तुमच्या पायानं," बायको म्हणे. "फरशी तेवढी झिजते."

मास्तर कुणालाही तिसऱ्या गिअरच्या पुढे जाऊ देत नसत. चौथा गिअर ते तोंडी शिकवत. त्यामुळे वस्तीत पाठीमागे त्यांना 'थर्ड मास्तर' म्हणत आणि तोंडावर नुसतं 'मास्तर'. त्यांना दोन्ही माहीत होतं आणि दोन्ही मान्य होतं.

घरासमोरचा रस्ता पूर्वी गल्लीसारखाच होता. मग तो रुंद झाला, गुळगुळीत झाला आणि हायवेला जाणाऱ्यांना त्याचा शोध लागला. रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोरच्या इमारतीत, बायकोची थोरली बहीण राहायची. तिला सगळे आक्का म्हणत, मास्तरसुद्धा. आक्काचे हात थरथरायचे. तिला स्वतःचे केस विंचरता येत नसत. म्हणून बायको रोज दुपारी रस्ता ओलांडून जायची, आक्काची वेणी घालायची, तेवढ्यात दोघी सगळ्या नातेवाइकांची उणीदुणी काढायच्या आणि बायको परत यायची.

एके दिवशी रस्ता ओलांडताना एका व्हॅननं तिच्या डाव्या पायातली चप्पल नेली. पाय नेला नाही, एवढंच. बायको एका चपलेवर आक्काकडे पोचली, नेहमीसारखी वेणी घातली आणि तशीच परत आली.

"आता ही दुसरी ठेवू की टाकू?" तिनं विचारलं.

मास्तरांचा पाय बराच वेळ फरशीवर दाबलेला राहिला.

दुसऱ्या दिवशी ते औषधवाल्याच्या दुकानात गेले. या रस्त्यावर तीसची वेगमर्यादा लावा, म्हणून वस्तीत एक समिती झाली होती आणि औषधवाला तिचा अध्यक्ष होता. कारण साधं होतं. त्याच्याकडे काउंटर होतं आणि सही केल्याशिवाय तो खोकल्याचं औषध देत नसे. त्यामुळे सह्या भरपूर जमल्या होत्या. वाहतूक कार्यालयाकडे अर्जही गेला होता. उत्तर आलं होतं की गरज तपासण्यात येईल.

"कधी?" मास्तरांनी विचारलं.

"तपासतील तेव्हा," औषधवाला म्हणाला. "सरकारी काम आहे, मास्तर. ते तीसच्या आतच चालतं."

मास्तर विचार करत घरी आले आणि त्यांनी शाळेचं वेळापत्रक बदललं. शाळेच्या तीन गाड्या होत्या. एक ते स्वतः घेत, एक पुतण्या घेई आणि एक पुतण्याची बायको. आता दुपारचे सगळे धडे याच रस्त्यावर घ्यायचं ठरलं. जायचं, वळायचं, यायचं. मागच्या काचेवर लाल अक्षर, पुढे घामाघूम झालेला माणूस आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. कुठल्याही वेळी रस्त्यावर दोन शिकाऊ गाड्या तरी असत आणि त्यांच्यामागे लग्नाच्या वरातीसारखी रांग.

लोकांनी आधी हॉर्न वाजवले. मग शिव्या दिल्या. शिकाऊ माणूस हॉर्न ऐकून आणखी घाबरतो आणि आणखी हळू जातो, हे कळल्यावर त्यांनी दोन्ही बंद केलं. शिकणाऱ्यांत दाताचे एक डॉक्टर होते, ते तर मास्तरांचं रत्नच. दुसऱ्यांच्या तोंडात त्यांचा हात कधी हलला नसेल, पण क्लचवर पाय ठेवला की सगळं अंग थरथरायचं. समोर माणूस दिसला की त्यांची गाडी बंदच पडायची. कुत्रं दिसलं तरी पडायची. बायको रस्त्याच्या कडेला उभी राही, डॉक्टरांची गाडी येण्याची वाट बघे आणि ती बंद पडली की शांतपणे पलीकडे जाई.

"माणूस गुणी आहे," ती घरी येऊन म्हणाली. "इतक्यात पास करू नका त्यांना."

महिना असा बरा गेला. मग एका दुपारी अचानक कार्यालयातून तपासणी झाली आणि तिचं उत्तर आलं. औषधवाल्यानं ते समितीच्या बैठकीत मोठ्यानं वाचलं. सदर रस्त्यावरील वाहनांचा वेग मुळातच मागणी केलेल्या मर्यादेपेक्षा कमी आढळला आहे, सबब मर्यादेची आवश्यकता नाही.

बैठकीत सगळे हळूहळू मास्तरांकडे वळले.

"मास्तर," औषधवाला म्हणाला, "तुम्ही आमच्याच बाजूचे ना?"

फेरतपासणीचा अर्ज गेला. या वेळी कार्यालयातल्या एक बाई येणार होत्या, वेग मोजण्याचं यंत्र घेऊन, चांगला आठवडाभर. तेवढे दिवस शिकाऊ गाड्या बंद ठेवायच्या, असं समितीनं ठरवलं.

"हवं तर मी स्वतः दोन फेऱ्या जोरात मारतो," औषधवाला म्हणाला. "मर्यादेसाठी एवढं करीन."

"खोटं काही करू नका," मास्तर म्हणाले. "रस्ता जसा आहे तसा दिसू दे."

घरी त्यांनी बायकोला सांगितलं, की आठवडाभर पलीकडे जायचं नाही.

"आणि आक्काची वेणी?"

"आठवड्यानंतर."

"आक्काला हे तुम्ही सांगा."

मास्तरांनी फोन करून सांगितलं. पलीकडून आक्का "बरं" म्हणाली. या घरात मोठ्या बहिणीच्या "बरं"चा अर्थ होकार असा कधीच होत नव्हता, पण मास्तरांना घाई होती.

बाई आल्या. फुटपाथवर खुर्ची टाकली, छत्री लावली, यंत्र रस्त्याकडे रोखलं. रस्त्यानं त्यांना निराश केलं नाही. महिनाभर अडकून राहिलेल्या गाड्या दावं सुटल्यासारख्या धावू लागल्या. मास्तर खिडकीत बसून पाय दाबत राहिले. बायको बाल्कनीत उभी राहून समोरच्या बाल्कनीतल्या आक्काला खुणा करायची. आक्काचे केस पहिल्या दिवशी विस्कटले होते, दुसऱ्या दिवशी खांद्यावर आले होते. चौथ्या दिवशी आक्का बाल्कनीत दिसली नाही.

ती खाली दिसली. फाटकातून बाहेर येत होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कंगवा, केस वाऱ्यावर.

"अहो!" बायको ओरडली. "आक्का निघाली!"

मास्तरांनी पाय दाबला. नेहमीप्रमाणे काही थांबलं नाही. एक टेम्पो गेला, त्यामागे मोटरसायकली. आक्कानं एक पाय रस्त्यावर ठेवला.

मास्तर जिना कसे उतरले ते त्यांना नंतर आठवलं नाही. शाळेची गाडी दारात होती. त्यांनी ती सुरू केली, रस्त्याच्या मधोमध नेऊन आडवी लावली आणि उतरले. दोन्ही बाजूंनी टायर किंचाळले. सगळं थांबलं. बाईंचं यंत्र थेट मास्तरांवर रोखलेलं होतं.

त्यांनी आक्काचा हात धरला. 

"मास्तर," आक्का म्हणाली, "तुमच्या त्या तपासणीसाठी मी भुतासारखी बसून राहू?"

"नाही, आक्का."

"मग सोडा ना मला पलीकडे. लोक खोळंबलेत."

तिला जिन्यात बायकोच्या हवाली करून मास्तर परत आले. गाडी बाजूला घेतली. मग फाशीला जाणाऱ्या माणसासारखे बाईंच्या खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले.

"बाई, मी तुमची तपासणी बिघडवली."

बाईंनी यंत्राकडे पाहिलं. "थांबलेली गाडी आम्ही धरत नाही," त्या म्हणाल्या. "तिला वेग नसतो. त्याच्या आधीचं सगळं आलंय व्यवस्थित." मग मान वर करून म्हणाल्या, "आजी पोचल्या ना?"

"पोचल्या."

"मग व्हा बाजूला. मला रस्ता दिसत नाहीये."

मर्यादा मंजूर झाली. अहवालात आठवड्यातल्या सर्वांत वेगवान गाडीचा उल्लेख होता. ती औषधवाल्याची निघाली. आपण मुद्दाम काही केलं नाही, रोज दुपारी जेवायला घरी जातो तसाच गेलो, असं तो शपथेवर सांगत होता. समितीतल्या कुणालाच त्यावर अविश्वास दाखवता आला नाही. दुसऱ्या नंबरची गाडी खजिनदाराची होती.

तीसची पाटी आली. पहिल्या दिवशी लोकांनी तिच्याकडे पाहिलं, दुसऱ्या दिवशी पाहिलं नाही. पोलीस कधीतरी येत, पावत्या फाडत, जात. औषधवाला मात्र सायकलवर जेवायला जाऊ लागला.

मास्तरांनी गुपचूप दुपारचे धडे पुन्हा सुरू केले. आता त्यांना अडवायला कुणाला तोंड नव्हतं. पाटीवर जे लिहिलं होतं तेच शाळेच्या गाड्या करत होत्या, उलट जरा जास्तच. दाताचे डॉक्टर परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाले आणि बायकोनं त्यांना घरी बोलावून चहा दिला.

"हार मानू नका," ती म्हणाली. "पण घाईही करू नका."

पुढच्या दुपारी मास्तर खिडकीत होते. खाली डॉक्टरांची गाडी आली, शेजारी पुतण्या. बायको कंगवा घेऊन कडेला उभी होती. तिनं हात वर केला आणि रस्त्यावर पाय ठेवला. मास्तरांनी फरशीवर ब्रेक दाबला.

डॉक्टरांची गाडी गचका खाऊन बंद पडली. मागची सगळी रांग थांबली.

मास्तरांनी पायाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. बायको पलीकडच्या फाटकातून आत जाईपर्यंत त्यांनी पाय उचलला नाही.