सोवळेकाकांचे पाच फूट

सोवळेकाका कोंबडीच्या रश्श्यावर आडवा हात मारायचे. त्यांचं सोवळं जेवणाचं नव्हतंच, घराच्या भिंतींचं होतं. भिंतीपासून पाच फुटांत जळेल असं काही ठेवायचं नाही, हा त्यांचा नेम. कॅलिफोर्नियातल्या आमच्या डोंगराळ वस्तीत दरवर्षी वणव्याची धास्ती असते. "ठिणगी मैलभर उडत येते रे. तिला टेकायला जागा दिली नाही, की विझते बिचारी. घर सोवळ्यात आहे, शिवायचं नाही!" असं म्हणत सत्तरी ओलांडलेले काका शिडी लावून पन्हळीतली पाइनची वाळकी पानं काढत.

ते मूळचे नागपूरचे, आमच्या शेजारी एकटेच राहायचे. माझा भिंतीलगतचा मोगरा बघून म्हणाले, "ओवळं केलंस की घर!" आम्ही यथेच्छ टिंगल करायचो. माझी लेक रिया मुद्दाम विचारायची, "काका, इज माय बाइक ओवळी?" काका गंभीरपणे टायर दाबून बघत आणि सांगत, "आहे. गॅरेजमध्ये ने."

आमच्या दोघांमधलं लाकडी कुंपण माझं. त्याचं एक टोक थेट काकांच्या भिंतीला टेकलेलं. "शेवटचे पाच फूट काढ रे. तिथे लोखंडी गेट बसवू," ते म्हणायचे. "नेक्स्ट लाँग वीकेंडला नक्की करतो, काका." असे तीन लाँग वीकेंड मी भटकण्यात घालवले. मग त्यांनी विचारणं सोडलं. मला तर सुटल्यासारखंच वाटलं होतं, याची आज लाज वाटते.

दसऱ्यानंतर आठवड्याभरात घरं रिकामी करायचा हुकूम आला. पासपोर्ट, लॅपटॉप आणि देव गाडीत टाकून आम्ही निघालो. चार दिवसांनी परतलो, तर आमचं घर जसंच्या तसं. दारापुढच्या फरशीवर विझलेल्या ठिणग्यांचे काळे ठिपके तेवढे होते. काकांच्या घराची फक्त चिमणी उभी होती. माझ्या कुंपणाच्या जागी राखेची एक सरळ रेघ त्यांची भिंत होती तिथपर्यंत गेली होती.

मग मी दारावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पाहिलं. आम्ही गेल्यावर काका आले होते. आमचं काथ्याचं पायपुसणं त्यांनी उचललं. दसऱ्याचं झेंडूचं तोरण वाळून कोळ झालं होतं. त्याच्यासमोर क्षणभर हात जोडून म्हणाले, "माफ कर रे देवा," आणि ते उतरवून स्वतःच्या गाडीत घेऊन गेले.

काका आता ईडन प्रेरीला मुलीकडे असतात. मी माफी मागू लागलो, की विषय बदलतात. "इथे सहा महिने बर्फ. सोवळं सुटलं बघ माझं!"

गेल्या रविवारी मात्र त्यांनी फोनवर विचारलं, "नवं कुंपण घातलंस म्हणे. पाच फूट सोडलेस ना?"

"सोडले, काका."

"शाब्बास," ते म्हणाले. ज्या भिंतीसाठी सोडायचे, ती भिंत तिथे नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.