गुहेचं वय

आमच्या गुहेला आजवर दोनच गाइड लाभले, आधी बाप आणि मग लेक. मी तिकीट खिडकीत बसते, त्यामुळे दोघांचीही नस मला चांगली ठाऊक. बापाला सगळे उजेडमास्तर म्हणायचे. शेवटच्या दालनात लोकांना नेऊन ते सगळे दिवे घालवत. डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा तिथला अंधार. बायबलच्या पहिल्या अध्यायात देवानं ज्या शब्दानं उजेडाला बोलावलं, तो 'प्रकाश होवो' हा शब्द मास्तर त्या अंधारात अगदी चर्चमधल्या आवाजात म्हणत आणि खटका दाबत. मग चुनखडीच्या सुळक्यांवर विजेरी फिरवत सांगत, "हे सगळं देवानं सहा दिवसांत केलं. सहा हजार वर्षांपूर्वी." आकडा कुठून आणला असं कुणी विचारलंच, तर आदामापासून कोण किती वर्षं जगला याची अख्खी बेरीज म्हणून दाखवत. विचारणारा दमून गप्प बसे.

मास्तर निवृत्त झाले, त्यांची लेक त्यांच्या जागी लागली आणि त्याच सुमारास नवा व्यवस्थापक आला. त्यानं बोलायचा मजकूर छापूनच दिला. खटका राहिला, देव गेला. सुळका बोटभर वाढायला शेकडो वर्षं, मधला जाड खांब पाच लाख वर्षांचा, खडक तीस कोटी वर्षांचा आणि दिवे लावता लावता शेवटी, विश्व तेराशे ऐंशी कोटी वर्षांचं. यात कानामात्रेचा फरक पडला तर दुसरी नोकरी बघा, असं तो हसत हसत म्हणाला. हसत धमकी देणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. लेकीनं मात्र मुकाट्यानं सगळं पाठ केलं.

आता कुणाला वाटेल, पोटासाठी देव सोडला. तसं नव्हतं. ती दर रविवारी चर्चला जायची, प्रार्थना मनापासून करायची, आणि ते कोटीसुद्धा तिला मनापासून पटलेले होते. एकदा डबा खाताना मी तिला छेडलंच. म्हटलं, "ताई, एका म्यानात दोन तलवारी कशा गं ठेवतेस?"

"सूर्य तर चौथ्या दिवशी आला, असंच लिहिलंय ना?" ती म्हणाली. "मग पहिले तीन दिवस कुठल्या घड्याळानं मोजले? देवाचा दिवस केवढा, ते मी कोण ठरवणार? त्याला थेंबाथेंबानं काम करायचं असेल. त्याला कुठे गाडी पकडायची होती."

"मग हेच घरी सांग की."

तिनं डब्याचं झाकण लावलं. जेवण अर्धं तसंच होतं.

घरी सांगायची सोय नव्हती, कारण तिच्या मोठ्या भावानं ते सांगून पाहिलं होतं. कॉलेजातून आल्या आल्या जेवणाच्या टेबलावर त्यानं बापाची ती बेरीज मोडीत काढली. मास्तर ताटावरून उठले आणि दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत. भाऊ पुढे लांब नोकरीला गेला. लेकीनं मात्र कानाला खडा लावला. संध्याकाळी ती घरी पोचली की मास्तर विचारत, "आज गर्दी होती का? नीट सांगितलंस ना सगळं?" ती म्हणे, "सांगितलं, बाबा." बस, एवढंच. कित्येक वर्षं, रोज.

एवढ्याशा त्या वाक्यानं तिला पोखरलं. मला ते दिसायचं. बापाचे शर्ट ती गरज नसताना पुन्हा इस्त्री करायची. त्यांच्यासाठी मोजे, मफलर, गुडघ्यांना चोळायची तेलं, काय काय घेऊन जायची. अपराधी माणसाची सेवा फार व्यवस्थित असते. चर्चमध्ये ती बापाच्या शेजारी न बसता खांबाआड बसते, हेही तिनंच सांगितलं. "ते मान वळवून माझ्याकडे बघून हसतात गं," म्हणाली, "मला मेल्याहून मेल्यासारखं होतं." मी म्हटलं, एका आकड्यासाठी एवढा जीव काय जाळतेस? ती म्हणाली, "आकड्याचं नाही. मी त्यांना रोज फसवते आणि ते रोज मला शाबासकी देतात."

मग एक दिवस मास्तरांनीच बॉम्ब टाकला. गुडघे पार जायच्या आधी गुहा एकदा बघायची आहे, लेकीच्या तोंडून ऐकायची आहे. तिनं ओल्या पायऱ्या, दम, थंडी अशी नाना कारणं पुढे केली. पण ते आलेच, कडक इस्त्रीच्या शर्टात. मी खिडकी बंद केली आणि त्यांचा दंड धरायला बरोबर आत गेले. खरं सांगायचं तर मला लेकीचीच काळजी जास्त होती. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

त्या खेपेला एका शाळेचा वर्ग होता आणि त्यांची शिक्षिका, हातात आमचंच माहितीपत्रक घेतलेली. सुरुवातीच्या दालनांत लेकीनं वयाचा विषयच काढला नाही. हा सुळका हत्तीसारखा, तो पडद्यासारखा, असं करत तिनं वेळ मारून नेली. शेवटच्या दालनात मात्र पळवाट नव्हती. तिनं दिवे घालवले. माझ्या हातातला मास्तरांचा दंड जरासुद्धा हलत नव्हता.

आणि तिनं बापाचा शब्द म्हटला. तो उजेडाचा. खटका दाबला आणि घाईघाईनं म्हणाली, "हे सगळं देवानं सहा दिवसांत केलं. सहा हजार वर्षांपूर्वी."

"एक मिनिट," शिक्षिका म्हणाली. "इथे तर लाखो वर्षं लिहिलंय. मुलांना तुम्ही हे काय सांगताय? मला कार्यालयात विचारावं लागेल." मुलं एकदा शिक्षिकेकडे, एकदा लेकीकडे बघायला लागली.

माझ्या हातातून दंड सोडवून घेत मास्तर पुढे झाले. "बाई, चूक माझी आहे. मी तिचा बाप, इथला जुना गाइड. मी आलोय म्हणून बिचारी गोंधळून माझं जुनं बोलून गेली. लिहून घ्या रे मुलांनो. हा खांब पाच लाख वर्षांचा. खडक तीस कोटी. आणि विश्व तेराशे ऐंशी कोटी वर्षांचं." एकही आकडा चुकला नाही. शिक्षिकेचं समाधान झालं. लेक भिंतीला टेकली.

वर आल्यावर मी मास्तरांना माझ्या खोलीत बसवून पाणी दिलं. लेक दारातच उभी राहिली. आत यायची तिची हिंमत होईना.

"तुम्हाला ते आकडे कुठून माहीत?" तिनं विचारलं.

"तू नोकरीला लागलीस तेव्हा भांडी घासताना पाठ करत होतीस. हळू आवाजात. मी गुडघ्यानं अधू आहे, कानानं नाही."

"म्हणजे पहिल्यापासून?" तिचा आवाज चिरकला. "मग रोज का विचारायचात, नीट सांगितलंस ना म्हणून?"

"कधीतरी खरं सांगशील म्हणून."

मी खिडकीतली सुटी नाणी उगाच इकडची तिकडे केली. उठून बाहेर जायला हवं होतं, पण दारात ती होती.

"तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात, बाबा. दादाच्या वेळी. मी लहान होते, मी घाबरले होते."

"तो वेगळं बोलला म्हणून नाही उठलो मी. तो हसला म्हणून उठलो." मास्तरांनी पेला खाली ठेवला. "तुझे कोटी मला पटत नाहीत. मरेपर्यंत पटायचे नाहीत. पण न पटणाऱ्या माणसाला शेजारी घेऊन जेवलो असतो की मी. तुला ते कधी वाटलंच नाही. तू मला कच्च्या मनाचा ठरवलंस आणि रोज थोपटून झोपवलंस."

"आणि आज माझ्यासाठी तुम्ही जे खोटं बोललात..."

"त्याची माफी मी मागीन, जिथे मागायची तिथे. तो माझा आणि देवाचा प्रश्न. तू तुझं बोल. खरंच काय मानतेस तू?"

इतकी वर्षं 'सांगितलं, बाबा' सरळ जिभेवर यायचं, आता एकेक शब्द शोधावा लागला. खाली बघत, अडखळत तिनं सुरुवात केली, चौथ्या दिवशीच्या सूर्यापासून. बाहेर पुढची रांग खिडकी वाजवत होती. मी पडदा ओढून घेतला. मास्तरांनी सगळं ऐकून मान हलवली.

"नाही पटत," ते म्हणाले, आणि नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी खुर्ची तिच्याकडे ओढली. "पुढे सांग."

पुढे सांगणं तिला जमलं नाही. ती त्यांच्या पायाशी बसली आणि त्या कडक इस्त्रीच्या शर्टाची बाही मुठीत धरून रडत राहिली.